शरणार्थ्याला मदत करा, पण उघडपणे करा

रोहिंग्या माणूस आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. शब्द मात्र सगळ्यांनी ऐकला आहे. चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव, कुठेही जा. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत हा शब्द आता देशोधडीला लागलेल्या एका समाजाचे नाव राहिलेला नाही. तो आरोप झाला आहे, आणि बऱ्याचदा शिवी. ती शिवी आपल्याच गावातल्या, सात पिढ्या इथेच राहिलेल्या मुसलमानाला दिली जाते.

२०२५ च्या सुरुवातीला उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांचे प्रकरण मालेगावातून सुरू झाले आणि अकोला, अमरावतीपर्यंत येऊन पोहोचले. बांगलादेशी आणि रोहिंग्यांना दाखले वाटले गेले, असा आरोप झाला. राज्य सरकारने चौकशी लावली. त्यामागची साधी गोष्ट फार कमी लोकांनी समजून घेतली. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. एक वर्षापेक्षा जास्त उशीर झालेल्या नोंदीचा आदेश देण्याचे अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसुली अधिकाऱ्यांकडे आले. तहसील कार्यालयात अर्जांची संख्या वाढली, कारण घरी किंवा खेड्यात जन्मलेल्या हजारो गरीब माणसांची नोंद कधी झालीच नव्हती. त्यांत मुसलमान होते, तसेच इतरही होते.

या सगळ्याचा आपल्यावर एक परिणाम झाला आहे. शरणार्थी हा विषयच नको, असे आपण ठरवून टाकले. जमातीच्या बैठकीत कोणी विषय काढला तर वडीलधारी माणसे म्हणतात, "बेटा, आपलेच कागद नीट नाहीत, दुसऱ्याच्या भानगडीत कशाला पडायचे?" भीती खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. पण भीतीपोटी गप्प बसल्याने शिवी देणारा थांबत नाही, आणि ज्याला खरोखर आधार हवा त्याला तो मिळत नाही. म्हणून हा लेख. माझे म्हणणे थोडक्यात असे: आश्रय मागणाऱ्या माणसाला मदत करणे हे आपले काम आहे, ती मदत कायद्यात बसवून, हिशेब दाखवून आणि उघडपणे करता येते, आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातूनही तिची सुरुवात होऊ शकते.

शरणार्थी कोणाला म्हणायचे?

कामासाठी परराज्यात गेलेला मजूर हा स्थलांतरित. धरणात गाव गेल्यामुळे उठलेला शेतकरी हा विस्थापित. आपल्याकडे पूर्णा नदीवरच्या जिगाव प्रकल्पामुळे नांदुरा भागातल्या गावांना हा शब्द चांगला ठाऊक आहे. शरणार्थी यापेक्षा वेगळा. धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या समाजगटाचा भाग असणे, यांपैकी कशामुळे तरी जिवाला धोका निर्माण झाला आणि त्याचे स्वतःचे सरकार त्याला वाचवत नाही किंवा तेच त्याच्या मागे लागले आहे, म्हणून देशाची सीमा ओलांडून आलेला माणूस. त्याचा दावा अजून तपासला जात असेल तर तो आश्रय मागणारा.

संयुक्त राष्ट्रांच्या शरणार्थी उच्चायुक्तालयाच्या हिशेबानुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे आपल्या घरातून हुसकावली गेलेली होती. त्यांतली बरीचशी आपल्याच देशाच्या दुसऱ्या भागात आसरा शोधत होती. म्यानमारने १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना जवळजवळ पूर्णपणे नागरिकत्वाबाहेर ठेवले आणि २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले. भारतात उच्चायुक्तालयाकडे नोंद झालेल्या रोहिंग्यांची संख्या सुमारे २२ हजार आहे. दिल्ली, हैदराबाद, जम्मू, हरियाणातील नूह या ठिकाणी ते प्रामुख्याने राहतात. दीडशे कोटींच्या जवळ पोहोचलेल्या देशात ही संख्या किती, ते ज्याचे त्याने मोजावे.

महाराष्ट्राला हे काम नवीन नाही

शरणार्थ्यांना सांभाळणे म्हणजे कुठूनतरी आलेली नवी कल्पना, असे कोणाला वाटत असेल तर त्याने कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा इतिहास वाचावा. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने लाखो पोलिश लोकांना सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले. १९४१ नंतर त्यांतले काही सुटले, इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यांतले सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत राहायला आले. १९४८ पर्यंत तिथे त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते. खर्चाचा मुख्य भार लंडनमधल्या पोलंडच्या परागंदा सरकारकडे होता. जागा आणि शेजार कोल्हापूरचा होता. धर्माने कॅथलिक, भाषेने परके, रंगाने वेगळे. कोल्हापूरकरांनी त्यांना भाजी विकली, त्यांच्याशी मैत्री केली. २०१९ साली त्या छावणीत लहानाचे मोठे झालेले काही पोलिश वृद्ध कोल्हापूरला पुन्हा भेट द्यायला आले, तेव्हा शहराने त्यांचे स्वागत केले.

त्याच छावणीची पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. पोलिश लोक गेल्यावर फाळणीत घरदार गमावलेले सिंधी निर्वासित तिथे आले. आज त्या ठिकाणाला गांधीनगर म्हणतात आणि कपड्यांची ती मोठी घाऊक बाजारपेठ आहे. पश्चिम महाराष्ट्रातले दुकानदार तिथून माल भरतात. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत जवळपास लाखभर सिंधी आले आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. अकोल्याचा सिंधी कॅम्प आपल्याला माहीत आहे. खामगाव, मलकापूरच्या बाजारात सिंधी दुकानदाराकडून कापड घेताना तो निर्वासिताचा नातू आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. तसे ते मनात न येणे हेच मदत यशस्वी झाल्याचे लक्षण.

विदर्भातही उदाहरणे आहेत. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावजवळ गोठणगावला १९७२ पासून तिबेटी शरणार्थ्यांची वसाहत आहे. हिवाळ्यात शहराशहरांत स्वेटरची दुकाने लावणारे तिबेटी आपण पाहतो. गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली कुटुंबे जमीन कसतात. या सर्वांत एक गोष्ट सारखी आहे. शिधा कायमचा दिला गेला नाही. जागा मिळाली, कागद मिळाला, धंद्याला किंवा शेतीला वाव मिळाला, आणि माणसे आपल्या पायावर उभी राहिली.

आपली हद्द, आपली आठवण

बुलढाणा जिल्ह्याचा स्वतःचाही एक धडा आहे. १९४८ पर्यंत देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, चिखली या बाजूंनी निजामाच्या राज्याची हद्द लागत असे. पलीकडे जाफराबाद, जालना, मंठा. बोली तीच, सोयरीक तीच, राज्य मात्र वेगळे. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या दहशतीमुळे हैदराबाद संस्थानातले हिंदू वऱ्हाडासह शेजारच्या प्रांतांत आश्रयाला आले. त्याच काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडातले हजारो मुसलमान असुरक्षित वाटून उलट दिशेने निजामाच्या राज्यात गेले. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात मुसलमानांवर जे गुदरले, त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. त्याच अहवालात शेजाऱ्याला वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या हिंदूंचीही नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले.

एकाच हद्दीवरून, दोन वर्षांच्या आत, दोन्ही समाजांची माणसे दोन्ही दिशांनी जीव मुठीत धरून पळाली. ज्याला आज "बाहेरचा" म्हटले जाते त्याच्या जागी काल आपले आजोबा होते, आणि शेजाऱ्यांचेही आजोबा होते. ही आठवण कोणाला दोष देण्यासाठी नको. शरणार्थी होणे ही कोणा एका जमातीची ओळख नसते, वेळ आली की कोणावरही ती पाळी येते, एवढे समजण्यासाठी ती हवी.

दीनचे शिक्षण काय सांगते?

हिजरी सन एका स्थलांतरापासून मोजला जातो, हे आपण दरवर्षी मुहर्रमला म्हणतो. पण त्याआधीही एक हिजरत झाली होती. मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान इ.स. ६१५ च्या सुमारास हबशा देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या भागात गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. कुरैशांनी भेटवस्तू देऊन दूत पाठवले आणि "आमची माणसे परत करा" अशी मागणी केली. नजाशीने काय केले? त्याने भेटवस्तू पाहून निकाल दिला नाही. आश्रितांना दरबारात बोलावले, हजरत जाफर (रजि.) यांचे म्हणणे ऐकले आणि मगच त्यांना परत न पाठवण्याचा निर्णय घेतला. जिवाला धोका असलेल्या ठिकाणी कोणाला परत पाठवायचे नाही, आणि निर्णयाआधी त्याचे म्हणणे ऐकायचे, हे तत्त्व आज आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया आहे. आपल्या इतिहासात ते एका बिगर-मुस्लिम राजाने पाळले. मुसलमान तेव्हा आश्रय मागणारे होते.

दुसरा प्रसंग मदिनेतला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुहाजिर आणि अन्सार यांच्यात भाऊबंदकी जोडून दिली. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि विचारले, बाजार कुठे आहे? तूप आणि पनिराचा छोटा व्यापार करत ते पुढे मदिनेतल्या धनवान व्यापाऱ्यांत गणले गेले. देणाऱ्याने अर्धे देण्याची तयारी ठेवली आणि घेणाऱ्याने फक्त रस्ता विचारला. दोघांचीही इज्जत राहिली. आपल्या मदतीचे माप हेच असायला हवे.

जकातीचे आठ हकदार सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. त्यांत फकीर आणि मिस्कीन आहेत, कर्जात बुडालेला आहे आणि वाटसरूही आहे. घरी मालमत्ता असली तरी वाटेत अडकलेला माणूस वाटसरू ठरतो. आजच्या अनेक उलेमांनी शरणार्थ्याला या गटांत धरले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तालयाने २०१९ पासून उलेमांच्या फतव्यांच्या आधारे शरणार्थ्यांसाठी स्वतंत्र जकात निधीही चालवला आहे. जकातीच्या बारकाव्यांसाठी आपल्या भागातल्या आलिमांना विचारावे. सदका मात्र कोणालाही देता येतो, त्याला धर्माची अट नाही.

कायदा काय म्हणतो, ते नीट समजून घ्या

इथे भावनेपेक्षा माहिती महत्त्वाची आहे. भारताने १९५१ च्या शरणार्थी करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे शरणार्थ्यांसाठी वेगळा कायदा नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळांचे काम सरकार थेट पाहते. म्यानमार, अफगाणिस्तान, सोमालिया वगैरे देशांतून आलेल्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांचे उच्चायुक्तालय करते आणि ओळखपत्र देते. पण हे ओळखपत्र म्हणजे भारतात राहण्याचा परवाना नाही, अशी केंद्र सरकारची भूमिका आहे.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. वैध पासपोर्ट आणि व्हिसाशिवाय देशात येणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खोटा पासपोर्ट किंवा व्हिसा वापरणाऱ्याला त्याहून जास्त. त्याच दिवशी काढलेल्या आदेशाने तिबेटी, नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ आणि पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले तिथले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना सूट मिळाली. रोहिंग्या आणि अफगाण मुसलमान त्या यादीत नाहीत. छळ झालेल्या हिंदू किंवा ख्रिस्ती माणसाला आसरा मिळाला याचा आनंदच आहे. जिवाचा धोका धर्म पाहून मोजू नये, एवढीच आपली मागणी आहे, आणि ती लोकशाही मार्गाने मांडण्याचा आपल्याला हक्क आहे.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. १९९६ साली चकमा शरणार्थ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घटनेच्या कलम २१ चे, म्हणजे जीविताचे संरक्षण केवळ नागरिकांना नाही, प्रत्येक माणसाला आहे. २०२१ साली जम्मूतल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात न्यायालयाने त्यांना परत पाठवण्यास सरसकट मनाई केली नाही, पण ठरलेली कायदेशीर प्रक्रिया पाळल्याशिवाय पाठवू नये असे म्हटले आणि कलम १४ व २१ नागरिक नसलेल्यांनाही लागू आहेत हे मान्य केले. कलम २१-अ मधला शिक्षणाचा हक्क ६ ते १४ वयाच्या सर्व मुलांसाठी आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार महिला, मुले आणि कोठडीतली व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. फक्त कोणत्या दाराने जायचे ते माहीत हवे.

या चार गोष्टी करू नका

पहिली, लपवू नका. परदेशी नागरिकाला मुक्कामी ठेवणाऱ्याने चोवीस तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयात चालते. लपवलेल्या माणसाचे भले होत नाही. तो कायमचा दलालाच्या आणि घरमालकाच्या दयेवर राहतो, आणि एक दिवस सगळी वस्ती अडचणीत येते. ज्याच्याकडे काहीच कागद नाही, त्याला आधी वकिलाकडे न्या.

दुसरी, खोटे कागद करून देऊ नका. कोणाचा आधार, कोणाचा जन्मदाखला, कोणाचे रेशन कार्ड "ॲडजस्ट" करून देणारा माणूस उपकार करत नाही. तो त्या शरणार्थ्याचा खरा दावा कायमचा मारतो, कारण खोटा कागद सापडला की खऱ्या छळाची गोष्टही कोणी ऐकत नाही. आणि त्याच एका खोट्या कागदामुळे आपल्या भागातल्या शंभर खऱ्या नागरिकांच्या दाखल्यांवर संशय येतो.

तिसरी, फोटो काढू नका. रमजानमध्ये किट हातात देतानाचा फोटो ही आपल्याकडे रीतच झाली आहे. गरिबाची इज्जत जाते ती वेगळी. शरणार्थ्याच्या बाबतीत तर धोका आहे. त्याचा चेहरा आणि ठिकाण समाजमाध्यमांवर गेले की मागे राहिलेल्या त्याच्या घरच्यांना त्रास होऊ शकतो.

चौथी, लग्न लावून देण्याला मदत म्हणू नका. लग्नाच्या नावाखाली रोहिंग्या मुलींची खरेदी-विक्री झाल्याची प्रकरणे देशात समोर आली आहेत. निराधार मुलीला दूरच्या गावातल्या वयस्क माणसाशी बांधून "सवाब" कमावल्याचे कोणी सांगत असेल तर तिथे १०९८ या क्रमांकावर फोन करणे हाच सवाब आहे.

मग काय करायचे?

आपल्या जिल्ह्यात शरणार्थ्यांची छावणी नाही. पण मलकापूर, नांदुरा, शेगाव ही मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरची स्थानके आहेत. सैलानी बाबांच्या यात्रेला देशभरातून सर्व धर्मांची माणसे येतात. वाट चुकलेला, घाबरलेला, भाषा न समजणारा माणूस इथे कधीही येऊ शकतो. आणि आपली मुले शिकायला पुण्याला आणि हैदराबादला जातात, जिथे असे लोक प्रत्यक्ष राहतात. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांचे घरून येणारे पैसे थांबले आणि परतीचा रस्ताही बंद झाला. त्यांना शिध्यापेक्षा खोलीचे भाडे, व्हिसाची मुदतवाढ आणि फीची सवलत हवी होती.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक तालुक्याच्या गावी, खामगाव आणि चिखलीपासून सुरुवात करून, तरुणांनी एक मदत केंद्र चालवावे. जागा मोठी नको. मशिदीजवळची एखादी खोली, आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडी. काम पाच प्रकारचे.

कागद: जन्मदाखला, जातीचा दाखला, विधवा निवृत्तिवेतन, शाळेचा दाखला यांचे अर्ज भरून देणे. हे आपल्याच गावकऱ्यांसाठी, कोणत्याही जातिधर्माच्या. कोणी आश्रय मागणारा आला तर त्याच्या प्रत्येक कागदाची प्रत काढून सुरक्षित ठेवणे. एप्रिल २०१८ मध्ये दिल्लीत कालिंदी कुंजजवळ, झकात फाउंडेशन ऑफ इंडियाने दिलेल्या जागेवरची रोहिंग्यांची वस्ती एका रात्रीत जळाली. झोपड्यांबरोबर ओळखपत्रेही गेली. झोपडी पुन्हा उभी राहते, कागद लवकर उभा राहत नाही.

वकील: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी ओळख ठेवणे आणि १५१०० हा त्यांचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवणे. आपल्या जिल्ह्यात कायदा शिकणाऱ्या मुला-मुलींनी दोन-तीन जणांनी तरी परदेशी नागरिकांचा कायदा नीट वाचून ठेवावा.

दवाखाना: सरकारी रुग्णालयात सोबत जाणे. बाळंतीण, लहान मूल आणि क्षयरोगी यांना आधी. डॉक्टरांना भाषा समजावून सांगणारा एक माणूस असला तरी अर्धे काम होते.

शाळा: प्रवेशासाठी मुख्याध्यापकांना भेटणे, नकार आला तर तो लेखी मागणे. उर्दू शाळा असो की जिल्हा परिषदेची मराठी शाळा, मूल ज्या गावात राहील तिथली भाषा शिकली तर त्याचे पुढे निभते.

काम: ज्याला कायद्याने काम करता येते त्याला शिवणयंत्र, हातगाडी, हत्यारे घेण्यासाठी बिनव्याजी कर्ज. दान नव्हे, कर्ज, म्हणजे बाजाराचा रस्ता.

पैसा कुठून? बैतुलमालातला ठरावीक लहान हिस्सा वाटसरूच्या नावाने बाजूला ठेवा. जिल्ह्यात गरजू आला नाही तर वर्षाअखेरीस तो हैदराबादसारख्या शहरात शरणार्थ्यांमध्ये वर्षानुवर्षे काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला द्या. पावती घ्या. जमा आणि खर्च जुम्याला फलकावर लावा. ज्याचा हिशेब भिंतीवर असतो त्याच्यावर आरोप करणे कठीण जाते.

तीन आक्षेप

"आधी आपले गरीब, मग बाहेरचे." बरोबर आहे. जकातीतही स्थानिक गरजूंचा हक्क आधी. म्हणूनच केंद्राचे नव्वद टक्के काम गावच्या माणसांसाठीच असेल. पण एकाच जकातीत फकीरही आहे आणि वाटसरूही आहे. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करायचे कारण नाही.

"देशाच्या सुरक्षेचे काय?" सरकारला चौकशीचा पूर्ण अधिकार आहे आणि आपण त्यात अडथळा आणायचा नाही. पण चौकशी माणसाची होते, संपूर्ण समाजाची नाही. नोंद झालेला, पत्ता असलेला, मुले शाळेत असलेली माणसे देशासाठी अधिक सुरक्षित की नाव-गाव नसलेली, याचे उत्तर कोणताही समंजस पोलीस अधिकारी देईल.

"लोक आपल्यालाच रोहिंग्या म्हणतील." म्हणतातच. आपण गप्प आहोत तरी म्हणतात. त्यावर उपाय आपले कागद नीट करणे आणि आपले काम सर्वांना दिसेल असे करणे, हाच आहे. २०२० च्या टाळेबंदीत, रमजान चालू असताना, मलकापूर-नांदुरा-खामगाव महामार्गावरून हजारो मजूर पायी घरी चालले होते. त्यांना पाणी आणि जेवण देणाऱ्यांनी कोणाची जात विचारली नाही, आणि खाणाऱ्यांनीही विचारली नाही. त्या हातांनी सिद्ध केले की आपल्या जिल्ह्याला हे जमते. तेव्हा फक्त संघटना नव्हती, नोंदवही नव्हती.

तरुण मित्रांनो, पहिले पाऊल फार लहान आहे. या रमजानच्या आधी आपल्या गावात चार-पाच जण बसा. एक वही घ्या. त्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, पोलीस अधीक्षक कार्यालयातला परदेशी नागरिक नोंदणी विभाग, तालुक्याचे रुग्णालय आणि गटशिक्षण कार्यालय यांचे पत्ते लिहा. चौघांपैकी एकाकडे तरी स्वतः जाऊन भेट घ्या आणि आपण काय करू इच्छितो ते सांगा. ज्या दिवशी कोणी वाटसरू दारात येईल, त्या दिवशी पत्ता शोधत बसण्याची वेळ येता कामा नये.